मदत हवी आहे: ताईच्या चिकनकारी कुर्त्याला निळा रंग लागला, ताई रविवारी येतेय (नागपूर)

धाकटी_धंतोली · मंगळवार, दुपारी ३:१०

कुणीतरी लवकर सांगा. ताईच्या चिकनकारी कुर्त्याला माझ्या ओढणीचा निळा रंग लागलाय. धुतला, गेला नाही. ती रविवारी सकाळी अमरावतीहून येतेय आणि सोमवारी मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला तिला हाच घालायचा आहे, कालच फोनवर म्हणाली. मी घेतला होता हे तिला माहीत नाही. घरच्या घरी होईल असं काही सांगा. आणि 'विचारून घ्यायचा होतास' असं कृपया लिहू नका, ते आई सकाळपासून म्हणून राहिली आहे.

संत्राबर्फी · ३:१४

विचारून घ्यायचा होतास. (सॉरी, राहवलं नाही.) फोटो टाक.

आजीचा_बटवा · ३:२२

मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी लिंबू चोळून उन्हात टाका. आमच्या सासूबाई हेच करायच्या, डाग नावाला उरत नसे.

मुलुंड_फास्ट · ३:२५

एवढं काय त्यात? पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच मिळतं, एक झाकण अर्ध्या बादलीत, दहा मिनिटं. मी नवऱ्याचे ऑफिसचे शर्ट असेच काढते.

सूतगुंडी · ३:४१

थांबा, अजून काही करू नका. कुर्त्याचं कापड कुठलं? ओढणी कशाची? रंग धुताना लागला की घातलेला असताना? वाळवलाय का? इस्त्री फिरवलीय का? हे कळल्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे डोळे मिटून दगड मारणं.

धाकटी_धंतोली · ३:५८

कॉटनच असेल ना, उन्हाळ्याचा आहे म्हटल्यावर. ओढणी नवीन, दाबू प्रिंट, गडद निळी, प्रदर्शनातून ६५० ला घेतली. विकणारा म्हणाला होता की एकदा थंड पाण्यातून काढा. मी काढली नाही. रंग घातलेला असताना लागला. दुपारी दोनला अॅक्टिव्हाने बर्डीला गेले, ओढणी खांद्यावरून गुंडाळली होती आणि वरून पर्स तिरकी. घरी येऊन बघते तर पर्सच्या पट्ट्याचाच ठसा! डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत सरळ निळी पट्टी, शाळेत मॉनिटरला घालायचे तशी. बाकी ठिकाणी फिकट फिकट.

संत्राबर्फी · ४:०२

मॉनिटरची पट्टी. मेले मी.

सूतगुंडी · ४:२०

आता काहीतरी कळलं. दाबू म्हणजे माती, चुना, डिंक असा लेप ठशाने लावून मग कापड निळीत (इंडिगोच्या रंगात) बुडवतात. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती सुताच्या आत फार शिरत नाही, वर बसून राहते. म्हणून नवं कापड घासलं की निळं उतरतं, आणि घाम आला की जास्त. पट्ट्याखाली दाब आणि घर्षण दोन्ही होतं, म्हणून तिथे गडद.

आता एवढं कर. कोरडा पांढरा रुमाल ओढणीवर जोरात घास आणि निळा होतो का ते सांग. दुसरं, ओढणीचं टोक वाटीभर साध्या पाण्यात बुडव. पाणी शाईसारखं झालं तर ती नीळ नाही, कच्चा केमिकल रंग आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. आणि कुर्त्याला इस्त्री करू नकोस.

आजीचा_बटवा · ४:३३

वर मी मीठ लिहिलं आहे, त्याने रंग बसतो. आमच्याकडे नवं लुगडं आधी मिठाच्या पाण्यातच काढायचे.

सूतगुंडी · ४:४०

काकू, बसतो म्हणताय तर तो कुर्त्यावर कशाला बसवायचा? रंगारी सूत रंगवताना मीठ घालतात ते रंग सुताकडे ढकलायला. तो सोडवायचाय तेव्हा मीठ उलट काम करेल. आणि आता कुणी व्हिनेगर सांगेल, तर ते रेशमाच्या आणि लोकरीच्या रंगांना चालतं, सुताला त्याचा उपयोग नाही.

आजीचा_बटवा · ४:५२

चाळीस वर्षं धुणं केलंय मी.

गोकुळपेठ_कट्टा · ५:०५

भांडू नका बाप्पा. मुलीचा प्रश्न बाजूला राहिला, पण खरा मुद्दा वेगळाच आहे. उन्हाळ्यात कपडे घ्यायचे तर प्रदर्शनात कशाला जाता? गांधीबागेत ताग्यातून मलमल घ्या आणि शिवून घ्या. किंवा वर्ध्याला जा, इथून ७५ किलोमीटर. मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी मिळते. मी दरवर्षी एप्रिलमध्ये तीन कुर्ते शिवतो, मेमध्ये तेच आलटून पालटून.

धाकटी_धंतोली · ५:११

काका, मला कपडे नाही घ्यायचे, डाग काढायचाय.

मुलुंड_फास्ट · ५:१५

बाय द वे, ४४ डिग्रीत ओढणी गुंडाळून कोण फिरतं? स्लीव्हलेस घाला ना, हवा तरी लागेल.

खापरी_ते_बर्डी · ५:१९

ताई, मुंबईचा उन्हाळा वेगळा. तुमच्याकडे हवा दमट, घाम वाळतच नाही, म्हणून अंग उघडं बरं वाटतं. इथे मेमध्ये हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडतो, आणि उघड्या दंडाला थेट भाजतं. इथे सैल, लांब बाह्या, तोंडाला स्टोल, डोळ्यांवर गॉगल. माझी बहीण फक्त डोळे दिसतील अशी बांधून निघते. एकदा मीच तिला सिग्नलला ओळखलं नाही, पुढे निघून गेलो.

मुलुंड_फास्ट · ५:२४

तुमच्याकडे ५६ झालं होतं ना मागे?

खापरी_ते_बर्डी · ५:२८

नाही झालं. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं, नंतर हवामान खात्यानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. इथला विक्रम ४७.९ चा, २३ मे २०१३. तेवढा पुरे आहे आम्हाला.

सूतगुंडी · ६:०२

धाकटी, रुमाल घासलास का?

धाकटी_धंतोली · ६:४५

घासला. कोरडाच निळा झाला. पाण्यात टोक बुडवलं तर पाणी किंचित गढूळ, शाईसारखं नाही. म्हणजे नीळ ना? मग आता ब्लीच करू का? आईकडे आहे बाटली.

सूतगुंडी · ६:५१

कुर्ता पांढराच आहे ना?

धाकटी_धंतोली · ६:५५

पिस्ता.

संत्राबर्फी · ६:५६

अगं!

सूतगुंडी · ७:०३

बाटली आईला परत दे. आधी सांगायचं ना बाई. क्लोरीनच्या ब्लीचने निळ्याबरोबर पिस्ताही जाईल, आणि तोही ठिगळाठिगळाने. वर मी 'थांबा' म्हटलं ते यासाठीच.

मुलुंड_फास्ट · ७:०८

मला काय माहीत, चिकनकारी म्हटलं की पांढरंच डोळ्यासमोर येतं.

धाकटी_धंतोली · ७:१५

पिस्त्यावर पांढरं भरतकाम आहे. गळ्याशी ती बारीक तांदळासारखी मुर्री आणि बाह्यांना जाळी. ताई नोकरीला लागल्यावर लखनौला ऑफिसच्या कामाने गेली होती तेव्हा तिथून आणला. म्हणून तर.

आमचं असं आहे की लग्न झालं तरी तिचे उन्हाळी कपडे इथेच, आईच्या लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात. मेमध्ये माहेरी आली की तेच घालते. वर्षभर कप्पा माझ्या ताब्यात. आमच्यात नियम एकच: घेतलेला कपडा धुऊन, इस्त्री करून, होता त्या घडीत परत. आठ वर्षं पाळलाय. मागच्या वर्षी तिने माझी कोल्हापुरी पावसात नेली आणि तळवा सोलून आणला, तरी मी काही बोलले नाही. म्हणजे फार नाही बोलले. आम्ही दोघी रोज एकमेकींना 'आज काय घातलं' चा फोटो टाकतो. त्या दिवशी मी मानेपर्यंतचाच टाकला.

एम्प्रेस_मिलचा_भोंगा · ७:४०

नागपूरचं कापड म्हणजे एम्प्रेस मिल. १८७७ ला जमशेटजींनी काढली. आमच्या वडिलांची तिथे नोकरी. तिथल्या धोतराचा रंग काय, सूत फाटेपर्यंत हलला नाही. आता त्या जागेवर मॉल आहे, आणि नातवंडं तिथे एसीची हवा खायला जातात.

संत्राबर्फी · ७:४४

काका, धोतर पांढरं असतं ना?

एम्प्रेस_मिलचा_भोंगा · ७:५०

काठाचं म्हणतोय.

सूतगुंडी · ८:१०

हां, धाकटी. आता ऐक. माझ्या सासरी कापडाचाच धंदा आहे, म्हणून सांगते.

आज रात्री थंड पाणी आणि नेहमीची साबण पावडर, कुर्ता उलटा करून अर्धा तास. चोळायचा नाही, हाताने दाबायचा. पाणी निळसर झालं की फेकायचं, नवं घ्यायचं. चार-पाच वेळा कर. वरवर बसलेली नीळ यातच बरीच सुटते. सावलीत वाळव, नागपूरच्या उन्हात पिस्ता उडतो.

तरीही पट्टी राहिली तर रंगाऱ्याकडे जा. त्यांच्याकडे हायड्रो (रंग उतरवायची केमिकल पावडर) असतं. गरम पाण्यात हायड्रोने नीळ विरघळते आणि धुऊन निघते. पण वास उग्र, छातीत जातो, घरी करू नकोस. आणि ते पिस्त्यालाही धरेल की नाही हे आतल्या शिवणीवर एक थेंब लावून बघायला सांग. शिवणीत बोटभर जास्तीचं कापड असतं, तिथे.

आजीचा_बटवा · ८:१८

आणि रंगाऱ्याला मीठ विचार.

गोकुळपेठ_कट्टा · ८:२५

रंगाऱ्याकडे जातेच आहेस तर पूर्ण कुर्ताच गडद निळा करून घे. डाग दिसायचा प्रश्नच नाही.

सूतगुंडी · ८:३१

भरतकाम सुती असेल तर तेही निळं होईल, आणि पॉलिस्टर धागा असेल तर पांढरं राहील. दोन्हीत ताईचा कुर्ता राहत नाही, दुसराच कुणाचा तरी होतो.

खापरी_ते_बर्डी · ८:३५

मी भाऊ म्हणून सांगतो, फोन कर आणि सांगून टाक. माझ्या बहिणीला माझा जॅकेटचा डाग कपाट न उघडता कळला होता.

धाकटी_धंतोली · बुधवार, सकाळी ११:२०

पाच पाणी झाली. तिसऱ्यापर्यंत निळसर निघत होतं, पाचवं स्वच्छ. फिकट डाग गेले, खरंच गेले! पट्टी आहे, पण आता लांबून सावली पडल्यासारखी दिसते. आतल्या शिवणीचं कापड बघितलं तर वरच्यापेक्षा दोन छटा गडद पिस्ता निघालं. म्हणजे कुर्ता उन्हाने आधीच उडालेला होता, मला वाटत होतं मीच फिका केला.

सूतगुंडी · ११:४२

मग रंगाऱ्याकडे नको जाऊस. असा उडालेला पिस्ता हायड्रोत टिकेल असं मला वाटत नाही. दोन दिवसांनी परत एकदा साबणात काढ आणि सोड.

मुलुंड_फास्ट · ११:५०

पट्टीवरून ब्रोच लावा, किंवा त्याच जागी ओढणी पिनअप करा. कुणाला दिसतंय.

संत्राबर्फी · ११:५३

कुठली ओढणी? तीच?

धाकटी_धंतोली · शनिवार, रात्री ९:३०

काल रात्री ताईला फोन केला. आधी पाच मिनिटं भाच्याच्या दाताबद्दल बोलले, मग सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, "फोटो टाक." मी पट्टी जवळून काढून पाठवली. परत गप्प. मग विचारलं, "ओढणी कुठली?" तिचा फोटो टाकला. लगेच फोन आला, "काहून गं, ही मला दाखवली का नाहीस?"

सोमवारी ती माझा मोतिया रंगाचा कोटा डोरियाचा कुर्ता घालणार आहे आणि ओढणी कायमची घेऊन जाणार आहे. मी तिला बजावलंय की आधी पाण्यातून काढ, आणि गाडीवर पर्स तिरकी टाकू नको. "मला नको शिकवू," म्हणाली. आता मी घालू काय, हा वेगळा धागा काढावा लागेल.

सूतगुंडी, खूप आभार. आजीचा_बटवा काकू, मीठ घातलं नाही, पण रागावू नका.

आजीचा_बटवा · ९:४१

तुझी मर्जी. पट्टी राहिली ना शेवटी.

विदर्भ_वेडी · रविवार, सकाळी ७:०५

सगळा धागा वाचला नाही. दाबूची ओढणी ६५० ला कुठल्या प्रदर्शनात मिळाली? अजून चालू आहे का ते? आम्हा तिघी बहिणींना हव्यात, एकीसारखी एक.