डब्यांच्या यादीत पहिलंच नाव येत नाही: पीएचपी, मायएसक्यूएल

डबेवाली_सुदामानगर
नमस्कार. इंदूरला माझं डब्यांचं काम आहे. गिऱ्हाइकांची यादी मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आणि पान पीएचपी भाषेत लिहिलेलं. ज्या मुलानं लिहून दिलं तो बंगळुरूला गेला, आता फोन उचलत नाही. कोड वाचून थोडंफार कळतं मला, पण इथे अडलेय.

सकाळी ‘आजचे डबे’ उघडलं की भागाप्रमाणे यादी येते आणि ती बघून पोऱ्या डबे लावतो. वर आकडा ४१ आणि खाली नावं ४०. गायब असतं ते कायम पहिलं. अन्नपूर्णाकडचे एक काका आहेत, त्यांचं नाव कधीच दिसत नाही. त्यांनी सुट्टी टाकली की त्यांच्या खालच्या आजी गायब! काकांचा डबा मी लक्षात ठेवून भरते, पण आजींना एकदा दुपारी दोनपर्यंत उपाशी बसावं लागलं.

पीएचपीमायअॅडमिनमध्ये, म्हणजे डेटाबेस थेट उघडून बघायच्या पानावर, तीच क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) टाकली तर ४१ ओळी बरोबर येतात. पानाच्या कोडमध्ये क्वेरीचं उत्तर ‘रिझल्ट’मध्ये घेतलंय. मग एक इफ (अट) आहे: रो बरोबर फेच_असोक, काही आलं नाही तर ‘आज डबे नाहीत’ छापायचं. त्याच्या खाली व्हाइलमध्ये, म्हणजे ओळी संपेपर्यंत फिरणाऱ्या लूपमध्ये, परत रो बरोबर फेच_असोक, आणि आत नाव छापलंय.

सराफ्यातला
क्वेरीत ऑफसेट १, म्हणजे पहिली ओळ सोडायची सूचना, राहिला असेल. मोजणी शून्यापासून असते.

डबेवाली_सुदामानगर
पीएचपीमायअॅडमिनमध्ये ४१ येतात म्हणून लिहिलंय ना भिया वर.

लष्करकर
ताई, चोर त्या इफमध्येच आहे.

क्वेरी चालली की हातात नावं येत नाहीत, निकालाचं एक ऑब्जेक्ट येतं. फेच_असोक म्हटलं की ते एक ओळ देतं आणि स्वतः पुढच्या ओळीवर सरकतं. ओळी संपल्या की नल देतं, म्हणून व्हाइल थांबतो. तुमच्या इफनं ‘काही आहे का’ बघायला चळतीतली वरची पोळी उचलली, ती परत ठेवली नाही, आणि व्हाइलनं दुसरीपासून वाढायला घेतलं. काका इफमध्येच राहिले. वरचा ४१ बहुधा नम_रोजमधून येत असेल, तो एकूण ओळी सांगतो, म्हणून बरोबर.

ग्वाल्हेरला एका कोचिंगच्या फीच्या पावत्यांत हाच किडा मी काढलाय. पहिल्या रोल नंबरची पावतीच छापली जायची नाही, आणि सगळे प्रिंटरला शिव्या घालत होते.

इफमध्ये फेच काढून टाका, तिथे नम_रोज शून्य आहे का एवढंच बघा. मला विचाराल तर त्याहून बरं म्हणजे फेच_ऑल करून सगळ्या ओळी एकदम अॅरेत (कोडमधल्या यादीत) घ्या, अॅरे रिकामा असेल तर ‘डबे नाहीत’, नाहीतर फोरईचनं एकेक नाव छापा. फेच_ऑलला मायएसक्यूएलआय_असोक सांगायला विसरू नका, नाहीतर कॉलमना नावांऐवजी नुसते क्रमांक येतील. ४१ ओळींना मेमरीचा विचारही करू नका. लाखभर ओळी असत्या तर एकेक फेच करा म्हटलं असतं.

बडोद्याचा_बंड्या
सरळ पीडीओवर जा, पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची ती दुसरी पद्धत. डेटाबेस बदलला तरी फंक्शनं तीच राहतात.

लष्करकर
डबे भरणारी बाई उद्या पोस्टग्रेससारख्या दुसऱ्या डेटाबेसवर कशाला जाईल हो? चालतंय ते राहू दे. फक्त नेटवर उत्तरं शोधताना ‘आय’ नसलेलं नुसतं मायएसक्यूएल_क्वेरी दिसलं की ते पान बंद करा. ती जुनी फंक्शनं २०१५ साली पीएचपी ७ मधून काढून टाकली.

डबेवाली_सुदामानगर
काका आले यादीत! फेच_ऑलच केलं.

आता दुसरं. नाव शोधायच्या खिडकीत एका ख्रिश्चन गिऱ्हाइकाचं आडनाव इंग्रजीत टाकलं, डीनंतर अपॉस्ट्रॉफीवालं, की पान पांढरं होतं. कोडमध्ये क्वेरीतल्या लाइकच्या (नाव जुळवून शोधणाऱ्या शब्दाच्या) पुढे ते नाव टिंबानं जोडलंय.

लष्करकर
हे काकांपेक्षा गंभीर आहे. क्वेरीतला मजकूर त्या अपॉस्ट्रॉफीपाशीच संपतो, आणि आडनावाचं उरलेलं शेपूट मायएसक्यूएल हुकूम म्हणून वाचू जातं. आज नुसती चूक येते. उद्या कुणी मुद्दाम तिथे अर्धी क्वेरी लिहिली तर सगळ्यांचे पत्ते आणि फोन बाहेर.

क्वेरी प्रिपेअरला द्या, नावाच्या जागी प्रश्नचिन्ह, त्याला अवतरणं नकोत. टक्क्याची चिन्हं क्वेरीत लिहू नका, नावाच्या मागेपुढे आधीच जोडून घ्या आणि मग बाइंड_पॅरमनं ते प्रश्नचिन्हाला जोडा, एक्झिक्यूटनं क्वेरी चालवा, गेट_रिझल्टनं निकाल घ्या. पुढे फेच_ऑल तुम्हाला येतंच. पीएचपी ८.२ किंवा पुढचं असेल तर एक्झिक्यूट_क्वेरीत हे सगळं एका ओळीत होतं.

पांढरं पान म्हणजे चूक झाली पण छापली नाही. होस्टिंगच्या एरर लॉगमध्ये ती सापडेल. फंक्शनच्या समोर @ लावून तिचं तोंड बंद करू नका.

डबेवाली_सुदामानगर
जमलं. भागाप्रमाणे की नावाप्रमाणे यादी लावायची, ते बटणावरून येतं. तिथेही प्रश्नचिन्ह टाकू?

लष्करकर
नाही. प्रश्नचिन्हातून फक्त किंमत जाते, कॉलमचं नाव जात नाही. यादीचा क्रम ठरवणाऱ्या ऑर्डर बायमध्ये टाकलंत तर चूक येणार नाही, पण यादी लागणारही नाही, आणि मग नुसतं डोकं खाजवत बसाल. बटणाकडून ‘भाग’ आलं तर हा कॉलम, नाहीतर नावाचा, असा साधा इफ लिहा. कॉलमचं नाव तुमच्या कोडमधलं असू दे, बटणाकडून आलेलं क्वेरीत चिकटवू नका.