मदत हवी आहे: साखर उतरली आणि पायांची आग सुरू झाली, हे कसं काय?

वडगावची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. निम्मा वैद्यकीय, निम्मा रसायनशास्त्राचा. दोन्हीतलं कळणारे लोक इथे आहेत म्हणून टाकते.

आमचे आप्पा, वय ६१. बेळगावात वडगावला घर, सगळी हयात यंत्रमागापुढे उभं राहण्यात गेली. मधुमेह जुना, मेटफॉर्मिनची गोळीही जुनी, पथ्य मात्र नावाला. दिवाळीच्या सुमारास टाचेला जखम झाली, ती भरेना. तपासलं तर एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) १२.१. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं आणि आप्पांनीही मनावर घेतलं. भात बंद, कुंदा बंद, पारायणाच्या प्रसादाचा शिरासुद्धा हातावर घेऊन नातवाला देतात. तीन महिन्यांनी आकडा ७.४. जखमही भरली.

आणि त्याच सुमाराला तळपायांची आग सुरू झाली. आधी पाय बधिर होते, मुंग्या यायच्या, पण दुखत नव्हतं. आता रात्री चादरीचा स्पर्श सोसत नाही, उठून फरशीवर पाय टेकून बसतात. "साखर होती तेव्हा बरा होतो" म्हणतात आणि इन्सुलिन टाळायला लागलेत. समजूत कशी घालू ते कळत नाही, कारण मलाच उत्तर माहीत नाही.

दुसरं म्हणजे, मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं होतं, म्हणून थोडं वाचायला गेले आणि जास्तच गोंधळले. साखर तर सगळ्या अंगातून फिरते, मग नुकसान डोळे, मूत्रपिंड आणि नसांचंच जास्त का? 'सुपरऑक्साइड' नावाच्या गोष्टीवर सगळं येऊन थांबतं असं दिसलं. तेवढ्यात पुण्याच्या चुलतभावाने अँटिऑक्सिडंट आणि बेन्फोटियामिनच्या (बी१ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) कॅप्सूलचं मोठं खोकं पाठवलंय, महागातलं. द्यायच्या का?

निपाणीकर

ताई, ही इन्सुलिनची उष्णता. आमच्या काकांना पण झालेली. सुई बंद करा, सकाळी कारल्याचा रस आणि तळपायाला काशाची वाटी घासा. आठ दिवसांत फरक.

खानापूर_मेडिकल

निपाणीकर, काशाची वाटी घासा हवी तर, खरं हलक्या हाताने. बधिर पायाला सालटं निघालेलं कळत नाही. आणि सुई बंद करा असं कुणाला सांगू नका वो. नुकती भरलेली जखम आहे त्यांची. माझं औषधाचं दुकान आहे, आपल्या मनाने इन्सुलिन सोडून पाय गमावलेले लोक बघितलेत मी.

ताई, दोन गोष्टी सांगा. मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे? आणि आप्पा शाकाहारी काय?

वडगावची_लेक

मेटफॉर्मिन दहा वर्षांच्या वर नक्की. आणि हो, माळकरी आहेत. दर आषाढीला पंढरपूर. अंडंसुद्धा नाही, दूध तेवढं घेतात, तेही चहापुरतं.

जुना_मास्तर

कॉलेजात जीवरसायन शिकवण्यात नोकरी गेली, आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नव्हे, तेवढं लक्षात ठेवून वाचा. आधी आप्पांचं, मग रसायन.

तुम्ही सांगताय ते वैद्यकाला जुनं ठाऊक आहे. इन्सुलिन सुरू केल्यावर उठणाऱ्या अशा वेदनेची नोंद १९३३ सालची आहे. इन्सुलिनला तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षं झाली होती, म्हणून सगळा दोष त्याच्यावर आला. पण गोळ्यांनी किंवा नुसत्या कडक पथ्याने साखर झपाट्याने उतरली तरी हेच होतं. दोष औषधाचा नाही, उतरण्याच्या वेगाचा आहे. २०१५ साली गिबन्स आणि फ्रीमन या दोघांनी त्याला मोजमाप दिलं: तीन महिन्यांत एचबीए१सी दोन अंकांहून जास्त घसरला तर धोका, जितकी घसरण मोठी तितका जास्त, आणि वेदना साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू होते. आप्पांचा आकडा ४.७ ने खाली आलाय. बहुतेकांची ही आग महिनोन्महिने रेंगाळते, पण ओसरते. साखर पुन्हा वाढवणं हा त्यावर उपाय नाही. आप्पांना हे स्वच्छ शब्दांत सांगा: ते बरे नव्हते, बधिर होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ज्यात मला खरा रस आहे. रक्तात साखर वाढली की शरीरातल्या बऱ्याच पेशी ती आत घेण्याचं प्रमाण कमी करतात. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर, मूत्रपिंडाच्या गाळणीला आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी, नसा आणि त्यांच्याभोवती वेष्टण घालणाऱ्या श्वान (Schwann) पेशी यांना ते जमत नाही. बाहेर जेवढी साखर, तेवढी आत. म्हणून मार त्यांनाच बसतो.

आत गेलेल्या साखरेचं काय होतं, यावर एकेक शोध सुटासुटा लागत गेला. १९५९ साली रूथ व्हॅन हेनिंगेन यांना मधुमेही उंदरांच्या डोळ्याच्या भिंगात सॉर्बिटॉल साचलेलं सापडलं. ही पहिली वाट: अल्डोज रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) साखरेचं सॉर्बिटॉल करतं आणि त्या कामात एनएडीपीएच हा पेशीतला मदतनीस रेणू खर्ची घालतं. पेशीचं संरक्षण करणाऱ्या ग्लुटाथिओनला ताजंतवानं ठेवायला तेच एनएडीपीएच लागतं, म्हणजे पेशी आतून उघडी पडते. दुसरी वाट एजीईची: साखर आणि तिच्यापासून होणारं मिथाइलग्लायॉक्सल प्रथिनांना कायमचं चिकटतं. तिसरी प्रोटीन कायनेज सी या विकराची, ते भलतंच जागं होतं. चौथी हेक्सोसमाइनची, तिथे जादा साखरेपासून वेगळीच साखर बनून प्रथिनांवर चढते. चार गट, चार प्रयोगशाळा, आणि प्रत्येकाला वाटे की खरं कारण आपल्याच हाती आहे.

त्यांना एका सूत्रात ओवलं न्यूयॉर्कच्या मायकेल ब्राउनली यांनी. २००० आणि २००१ मधले त्यांचे 'नेचर'मधले लेख गाजले. पाटाला पुढे दगड आडवा आला की पाणी मागच्या मागे सगळ्या वाफ्यांत शिरतं ना, तसं. साखरेचा भार वाढला की मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं इजा करणारं, फार क्रियाशील रूप) जास्त तयार होतं. त्याने डीएनएला इजा होते, ती दुरुस्त करायला पार्प नावाचं विकर जागं होतं, आणि ते ग्लायकोलिसिसमधल्या (साखर फोडण्याच्या नेहमीच्या वाटेतल्या) जीएपीडीएच या विकराचं काम अडवतं. पुढची वाट तुंबली की मागे साठलेले पदार्थ वर सांगितलेल्या चारही बाजूंना वळतात. मांडणी देखणी आहे. मी शेवटची काही वर्षं वर्गात शिकवायचो तेव्हा मुलं फळ्याचा फोटो काढायची.

वडगावची_लेक

सर, इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. पण मग सुपरऑक्साइडच मूळ असेल तर अँटिऑक्सिडंट कॅप्सूल द्यायला काय हरकत आहे? भावाचं म्हणणं तेच आहे.

जुना_मास्तर

इथेच लोक घसरतात. मूळ सापडलं म्हणजे औषध सापडलं असं होत नाही.

'होप' नावाच्या मोठ्या चाचणीत व्हिटॅमिन ई वर्षानुवर्षं देऊन पाहिलं. २००० साली निकाल आला, हृदयविकार काही कमी झाला नाही. ब्राउनली यांनीच त्याचं कारण सांगितलं: नेहमीच्या अँटिऑक्सिडंटचा एक रेणू सुपरऑक्साइडचा एक रेणू मारतो आणि संपतो, आणि पेशीत तर ते अखंड तयार होत असतं. पुरणार कुठून?

एकेक वाट बंद करणाऱ्या औषधांचं तेच झालं. अल्डोज रिडक्टेज रोखणारं टोलरेस्टॅट यकृताला घातक ठरून १९९० च्या दशकात बाजारातून गेलं. त्याच जातीचं एपालरेस्टॅट जपानमध्ये आणि आपल्याकडे मिळतं, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर. एजीई रोखणारं अमिनोग्वानिडिन मूत्रपिंडावरच्या चाचणीत टिकलं नाही. प्रोटीन कायनेज सी वालं रुबॉक्सिस्टॉरिन अमेरिकेत मंजुरीपर्यंत पोचलंच नाही.

बेन्फोटियामिनची गोष्ट थोडी वेगळी. ते ट्रान्सकीटोलेज या विकराला जोर देतं आणि तुंबलेले पदार्थ निरुपद्रवी वाटेला लावतं. २००३ साली उंदरांच्या डोळ्याचा पडदा त्याने वाचला, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. माणसांत काही लहान चाचण्यांत दुखण्याला थोडा आराम दिसला, पण दोन वर्षं रोज ३०० मिलिग्रॅम देऊन नसांचं काम मोजलं तेव्हा फरक आढळला नाही. विष नाही, पण त्या भावात नको.

साखर ताब्यात ठेवण्याने मात्र फरक पडतो, हे चाचण्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. अमेरिका-कॅनडातली डीसीसीटी (१९८३ ते १९९३, पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे १४४१ रुग्ण) आणि ब्रिटनची यूकेपीडीएस (निकाल १९९८, दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे आप्पांसारखे) वाचा. डीसीसीटी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी पूर्वी नीट सांभाळलेल्यांना पुढे वर्षानुवर्षं त्रास कमी झाला. उलटही खरं: जुन्या साखरेचा हिशेब कोलॅजनसारख्या सावकाश बदलणाऱ्या प्रथिनांवर चिकटून राहतो. म्हणून तीन महिन्यांत आकडा सुधारला तरी नसा लगेच सुधारत नाहीत.

खानापूर_मेडिकल

सर, रसायन झालं. आता ताईंनी उद्या काय करायचं ते.

मी मघाशी मेटफॉर्मिनचं का विचारलं: ते फार वर्षं घेतलं की बी१२ कमी होतं, आणि माळकरी माणसाचं आधीच बेताचं असतं. बी१२ कमी असलं तरी पाय असेच जळतात. साखरेच्या नावावर ते खपून जातं. रक्त तपासा, आणि रक्त देईपर्यंत बी१२ ची गोळी किंवा इंजेक्शन सुरू करू नका, नाहीतर आकडा खोटा येतो. मेटफॉर्मिनही आपण होऊन थांबवायचं नाही. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा, त्यात बी६ असेल तर किती आहे बघा. बी६ जास्त डोसमध्ये महिनोन्महिने घेतलं तर त्यानेच नसा खराब होतात.

डोळे तपासलेत काय? साखर झपाट्याने उतरली की पडद्याचा जुना आजार सुरुवातीला थोडा वाढू शकतो, डीसीसीटीतही ते दिसलं. बाहुली मोठी करून पडदा बघणारे डॉक्टर हवेत, चष्म्याचा नंबर काढणारे नाही. आणि मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, ३० च्या आत पाहिजे.

दुखण्यावर वेगळी औषधं असतात. रात्रीची झोप लागली तर आप्पा सुईला नाही म्हणणार नाहीत, बघा तुम्ही.

निपाणीकर

बी१२ चं नव्हतं माहीत. काकांचं पण बघायला सांगतो.

वडगावची_लेक

सगळ्यांचे आभार. तपासण्या करून आलो. बी१२ आलं १४२, प्रयोगशाळेची खालची मर्यादा २०० आहे. लघवीतलं प्रमाण ४६. डॉक्टरांनी दोन्ही कारणं मानली, साखर भराभर उतरल्याचं आणि बी१२ चंही. इंजेक्शनं सुरू केलीत, रात्रीची एक गोळी दिलीय, लघवीचं तीन महिन्यांनी पुन्हा बघणार. पुढे साखर जपून, पण सावकाश खाली आणायची असं ठरलं. कॅप्सूलचं खोकं भावाला परत पाठवलं, तो रुसलाय.

पायांच्या काळजीचं पत्रक मिळालं ते कन्नडमध्ये होतं. आप्पा कन्नड फर्डं बोलतात, पण वाचायला मीच लागते. रोज रात्री तळपाय बघायचे, अनवाणी फिरायचं नाही वगैरे. वारीत अनवाणी चालण्यावरून घरात मोठा वाद होणार, तो आषाढीच्या तोंडावर बघू.

एक विचारायचं राहिलं. डोळ्यांच्या तपासणीला शुक्रवारी बोलावलंय. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर आप्पांना स्कूटर चालवत घरी येता येईल का? ते ऐकायचे नाहीत म्हणून आत्ताच विचारते.

खानापूर_मेडिकल

अजिबात नाही. काही तास सगळं अंधुक दिसतं आणि उजेड सोसत नाही. रिक्षाने जावा, काळा चष्मा न्या. आणि किल्ली घरीच लपवून ठेवा.