मदत हवी आहे: आत्मचिंतनाची प्रश्नावली मराठीत केली, पण निकाल उलटा येतोय

खानापूर_रोड
एमए मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या महाविद्यालयांतले मराठीभाषक विद्यार्थी घेतलेत. ग्रँट, फ्रँकलिन आणि लँगफर्ड यांची 2002 ची आत्मचिंतन मोजणारी 20 विधानांची श्रेणी मराठीत केली, सोबत नैराश्य मोजणारी पीएचक्यू-9 आणि चिंता मोजणारी जीएडी-7 या प्रश्नावल्या. सध्या 30 जणांकडून भरून घेतलंय. बेरीज जास्त तशी चिंताही जास्त दिसते, आणि अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) फारच कमी. भाषांतर चुकलं की गृहीतक? काही मुलं घरी मराठी बोलतात पण शिकली कन्नड माध्यमात, देवनागरी अडखळत वाचतात. त्यांचं काय करायचं? नमुना किती हवा?

मार्कंडेयकाठ
आधी बेरीज मोडा. ही श्रेणी एकाच गोष्टीची नाही. 12 विधानं स्वतःकडे बघण्याची (बघण्याची गरज वाटणं 6, प्रत्यक्ष बघणं 6), उरलेली 8 उमज, म्हणजे स्वतःच्या भावना आणि वागणं किती कळतं ते, मोजतात. गुण वेगळे काढा: पहिल्याचे 12 ते 72, दुसऱ्याचे 8 ते 48. मूळ अभ्यासातच उमज जास्त असलेल्यांत नैराश्य, चिंता, ताण कमी दिसला होता, आणि नुसतं स्वतःकडे बघणं चिंता-ताणाबरोबर वाढत होतं. म्हणजे तुम्हाला दिसतंय ते चूकच असेल असं नाही. दोन्ही एकत्र केल्यावर उमजेचा परिणाम बुडतो.

अल्फा कमी येण्याचं पहिलं कारण तपासा: उलटी विधानं, म्हणजे जिथे ‘सहमत’ म्हटलं की गुण कमी व्हायला हवेत ती, फिरवलीत का? उत्तराच्या 6 पायऱ्या आहेत, म्हणून 7 मधून गुण वजा करायचे. मग अल्फाही दोन्ही भागांचा वेगवेगळा काढा. दुसरं कारण नकार. ‘मी स्वतःच्या विचारांबद्दल फारसा विचार करत नाही’ या विधानाला ‘असहमत’ म्हणायचं तर डोक्यात दोन नकार फिरवावे लागतात, आणि दमलेला विद्यार्थी उलटी खूण करतो. विधानाचा अर्थ तसाच ठेवून वाक्य छोटं करा. नकार सगळे काढून टाकू नका, नाहीतर डोळे मिटून ‘सहमत’ भरणारे सापडणार नाहीत.

आता भाषांतर, खरी गोम इथे आहे. मराठीत ‘जास्त विचार करू नकोस’ म्हणजे ‘काळजी करू नकोस’. त्यामुळे ‘मी स्वतःबद्दल खूप विचार करतो’ हे वाक्य वाचणारा चिंतेचीच कबुली देतो, आणि तुमची श्रेणी जीएडी-7 चीच जुळी बहीण होऊन बसते. ‘आत्मपरीक्षण’ तर त्याहून वाईट. आपल्याकडे आत्मपरीक्षण करायला सांगतात ते चूक झाल्यावर, म्हणून त्यात अपराधीपणा येतो. ‘चिंतन’ म्हटलं की नामचिंतन आठवतं.

खानापूर_रोड
तीनही शब्द आमच्या प्रश्नावलीत आहेत! मग शब्द कोणता घ्यायचा?

मार्कंडेयकाठ
एकच शब्द शोधत बसू नका, क्रिया लिहा. ‘माझ्या मनात काय चाललंय याकडे मी लक्ष देतो/देते’, ‘मी असं का वागलो/वागले हे मला उमगतं’. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करा, तिसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत आणावं, आणि मग 8-10 विद्यार्थ्यांना एकेक विधान दाखवून विचारा: ‘हे तुमच्या शब्दांत सांगा. वाचताना कुठला प्रसंग आठवला?’ परीक्षेची धास्ती, घरचं भांडण असंच येत राहिलं तर विधान अजून काळजीच मोजतंय. मूळ लेखकांची परवानगीही घ्या.

सोबत ट्रॅपनेल-कॅम्बेल यांच्या 1999 च्या प्रश्नावलीतली तेच तेच उगाळण्याची 12 विधानं घ्या. आंशिक सहसंबंध, म्हणजे उगाळण्याचा वाटा वजा करून उरलेला संबंध, काढलात की चिंतेशी जोडलेलं नेमकं काय ते कळेल. एकाच वेळी भरून घेतलेल्या माहितीवरून ‘आत्मचिंतनाने चिंता वाढते’ असं मात्र लिहू नका. चिंता असलेला माणूसही स्वतःकडेच बघत बसतो.

नमुना: 0.25 चा सहसंबंध 80 टक्के खात्रीने पकडायला सुमारे 123 जण, 0.20 साठी सुमारे 194. अर्धवट भरलेले कागद गृहीत धरून वर 15 टक्के ठेवा.

तिळारी
कन्नड माध्यमवाल्या मुलांबद्दल. अर्ध्यांना मराठी आणि अर्ध्यांना कन्नड प्रत देऊन गुण एकत्र करू नका. दोन्ही प्रतींत विधानं सारखीच वागतात हे दाखवायला प्रत्येक भाषेत मोठा नमुना लागतो, एका प्रबंधात ते जमत नाही. मराठीच ठेवा, पण ज्यांना वाचायला जड जातं त्यांना वाचून दाखवा. समोर माणूस असला की लोक बरं तेच सांगतात, म्हणून ‘स्वतः वाचून / ऐकून’ हा रकाना ठेवा आणि विश्लेषणात घ्या. ऐकणाऱ्याच्या हातात 6 पायऱ्यांचं कार्ड द्या, उत्तर बोटाने दाखवू दे.

आणि पीएचक्यू-9 चं नववं विधान कृपा करून गठ्ठ्यात पडून राहू देऊ नका. मरण्याचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार त्यात विचारलेले असतात. शून्याहून जास्त खूण दिसली तर त्याच दिवशी त्या मुलाशी एकांतात बोलायचं, बाकी बेरीज कितीही कमी असो. म्हणून कागदावर नाव नको, सांकेतिक क्रमांक हवा, आणि क्रमांक-नावाची वही कुलुपात. असं बोलणं होऊ शकतं हे संमतिपत्रातच लिहा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येकाला द्या, तिथे मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. पुढे पाठवायचं तर बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय संस्थेचा मानसोपचार विभाग आणि धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था. तिथे कुणाशी बोलायचं ते पहिला कागद वाटण्याआधी ठरवून ठेवा.

खानापूर_रोड
30 कागदांवरचं नववं विधान आत्ता काढून बघतोय. बाकीचं उद्या.