भांडुपची जुनी गाळ्यांची इमारत पुनर्विकासाच्या हिशेबाने विकत घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघे भाऊ (दोन सख्खे, एक चुलत) भांडुप पश्चिमेला, लाल बहादूर शास्त्री मार्गापासून आत एका गल्लीत, मशीनिंगचं जॉबवर्क करतो. तीन लेथ, दोन मिलिंग, नऊ कामगार. वडिलांनी १९८७ साली पागडीने (म्हणजे एकरकमी पैसे देऊन, नाममात्र भाड्यावर कायमचा) गाळा घेतला, तेव्हापासून त्याच इमारतीत आहोत. मूळ मालक वारले. त्यांच्या पाच वारसांना आता अख्खी इमारत जमिनीसकट विकायची आहे आणि त्यांनी पहिली विचारणा आम्हाला केली आहे. मागणी ४ कोटी ७५ लाखांची. आमच्याकडचे आणि गावची जमीन विकून येणारे मिळून पावणेतीन कोटी उभे राहतात. उरलेले २ कोटी कर्जाने, म्हणजे साडेदहा टक्क्यांनी वर्षाला २१ लाख नुसतं व्याज. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर २८ लाख ५० हजार वेगळे.

इमारत तळ अधिक दोन मजल्यांची, १९७४ची. भूखंड साधारण ८५० चौरस मीटर, बांधकाम १,०४० चौरस मीटर. अकरा गाळे: सात पागडीचे (त्यात आमचा एक), दोन लिव्ह अँड लायसन्सवर, दोन मालकांच्या कुलपात. पागडीवाल्यांचं भाडं महिन्याला सहाशे-सातशे रुपये आहे, त्यामुळे उत्पन्न म्हणून या इमारतीकडे बघताच येत नाही. जे काही आहे ते जमिनीत आहे.

दलालाने एक कागद दिला आहे. त्यात एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते) २.० अधिक ३५ टक्के फंजिबल (त्यावर मिळणारं जादा क्षेत्र), म्हणजे २.७, असा हिशेब करून शेवटी मोठा आकडा लिहिला आहे. मेट्रो ४चे खांब मुख्य रस्त्यावर उभे आहेतच, त्याचाही उल्लेख आहे. तो कागद वाचून धाकटा भाऊ एका रात्रीत तयार झाला. मला दोन गोष्टींनी झोप लागत नाहीये.

पहिली म्हणजे गल्ली. रविवारी बंद असताना मी आणि पुतण्याने टेप लावून मोजली. आमच्या गेटसमोर कंपाउंडच्या भिंतीपासून समोरच्या गटाराच्या कडेपर्यंत ८.२० मीटर. तोंडाशी, पानटपरीपाशी, ७.६०. आमचा माल घेऊन येणारा टेम्पो वळताना दर वेळी कोपऱ्यावरच्या दगडाला घासतो, तो दगड एका बाजूने गुळगुळीत झाला आहे. एवढ्या गल्लीत टॉवर कसा मंजूर होणार?

दुसरी, इमारतीची अवस्था. दुसऱ्या मजल्यावर कुलपातल्या एका गाळ्यात पूर्वी प्लेटिंगचं काम चालायचं. वारसांनी किल्ली दिली म्हणून बघून आलो. टाक्या होत्या त्या जागी फरशी हिरवी-पांढरी पडली आहे. खालच्या गाळ्यात जाऊन छताला स्क्रूड्रायव्हर लावला तर ताटाएवढा गिलावा हातात आला आणि आतली सळई पापुद्रे सुटलेली. त्या छताखाली आमचे अण्णा पॉवर प्रेसवर बसतात. वय ७१, वडिलांचे मित्र. वडील गेले तेव्हा सहा महिने आमच्या गिऱ्हाइकांचं काम त्यांनी सांभाळलं, एक पैसा घेतला नाही.

आणि हेच खरं दुखणं. आम्ही मालक झालो की अण्णा आमचे भाडेकरू. पुनर्विकास म्हणजे त्यांना दोन-चार वर्षं बाहेर काढणं. त्यांना फसवून मला एक रुपयाही नको.

प्रश्न असे: हा हिशेब खरा धरावा का? कागद कोणते आणि कोणत्या क्रमाने तपासावेत? आणि पागडीवाल्यांचं नीट करून हे जमतं का? ज्यांनी अशी इमारत घेतली आहे त्यांनी कृपया लिहावं. दलालाने पंधरा दिवसांची मुदत दिली आहे.

———

प्रतिसाद: रस्तारेषा

पस्तीस वर्षं नकाशे काढण्यात आणि मंजूर करून घेण्यात गेली, त्यावरून लिहितो.

टेप लावलीत ते फार चांगलं केलंत, कारण तुमच्या प्रकरणाचा प्राण त्या गल्लीतच आहे. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ प्रमाणे उपनगरात रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ १.० एफएसआयच मिळतो. ९ मीटर झाला की अधिमूल्य (प्रीमियम) भरून ०.५ आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन ०.५, असे मिळून २.० होतात. दलालाच्या कागदावरचे २.० हे असे आहेत. त्यातला अर्धा भाग पैसे मोजून घ्यायचा आहे, फुकट नाही. फंजिबलचंही तसंच: जुन्या भाडेकरूंच्या क्षेत्रावर माफ, विक्रीच्या भागावर अधिमूल्य.

आता तुमचेच आकडे घ्या. रस्ता ९च्या आत धरला तर ८५० गुणिले १.३५ म्हणजे १,१४७ चौरस मीटर. आज उभं आहे १,०४०. सात पागडीवाल्यांचे मिळून ६०० धरले तर विक्रीला उरतात ५४७. रस्ता ९.१५ मीटरचा धरला गेला तर एकूण २,२९५, विक्रीला १,६९५. गल्लीच्या अडीच-तीन फुटांनी विक्रीचं क्षेत्र तिप्पट होतं.

पण पालिका तुमची टेप बघत नाही, मंजूर रस्तारेषा (नकाशावर ठरवलेली रस्त्याची हद्द) बघते. नगर भूमापन क्रमांक टाकून डीपी रिमार्क (विकास आराखड्यात तुमच्या भूखंडाबद्दल काय आहे, त्याचा पालिकेचा शेरा) ऑनलाइन काढा, फार दिवस लागत नाहीत. त्यात रस्तारेषा, आरक्षण आणि भूखंड औद्योगिक विभागात आहे की निवासी, हे तिन्ही कळेल. औद्योगिक असेल तर निवासी वापरासाठी वेगळी परवानगी लागते आणि वरचा हिशेब ती मिळाल्यानंतरचा आहे. रस्ता ९.१५चा दाखवला असेल तर रुंदीकरणात तुमच्या भूखंडाची पट्टी जाईल. तिचा एफएसआय मिळतो, पण उरलेल्या जमिनीवर गाडीतळ आणि अग्निशमनाच्या गाडीची जागा बसवताना वास्तुविशारदाला घाम फुटतो.

भाडेकरू असलेल्या मोडकळीच्या इमारतींसाठी उपनगरात ३३(७)(अ) हा नियमही आहे, पुनर्वसन क्षेत्रावर ५० टक्के प्रोत्साहन मिळतं. गाळ्यांच्या इमारतीला तो लागतो का, हे तुमच्या वास्तुविशारदाकडून लेखी घ्या, तोंडी नको.

आणि त्या छताकडे आजच बघा. तीस वर्षांवरच्या इमारतीला पालिका कायद्याच्या कलम ३५३ब प्रमाणे संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. सौदा होवो न होवो, अण्णांचं प्रेस त्या जागेवरून हलवा. खाली टेकू लावून घ्या.

———

प्रतिसाद: मुलुंडचा गाळेवाला

मी २०१३ला दोन मित्रांबरोबर अशीच एक इमारत घेतली होती, म्हणून कळकळीने लिहितोय. कागद स्वच्छ होते, रस्ता १३.४० मीटरचा होता, सगळं होतं. आम्ही एकच विचारलं नाही: या जागेत आधी जो कारखाना होता त्याचे कामगार गेले कसे? बंद पडलेल्या कारखान्याच्या जागी निवासी इमारत करायची म्हटल्यावर कामगार आयुक्तांचा ना-हरकत दाखला मागितला गेला, आणि बावीस जणांची ग्रॅच्युइटी थकलेली निघाली. मूळ कंपनी केव्हाच गुंडाळलेली. एकेकाचा पत्ता काढत मी रत्नागिरी-साताऱ्यापर्यंत फिरलो. काही जण गेले होते, त्यांच्या बायकांना भेटलो. पैसे आम्ही दिले, द्यायलाच हवे होते, त्या माणसांनी तिथे आयुष्य घातलं होतं. पण सहा वर्षं गेली आणि तेवढ्या व्याजात आमचा नफा संपला.

तुमच्या प्लेटिंगवाल्याची चौकशी करा. किती माणसं होती, हिशेब चुकता झाला का, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती होती का. त्या गाळ्याखालच्या आवारातली माती तपासून घ्या. खोदाई सुरू झाल्यावर कळलं तर ती माती टाकायची कुठे, हा वेगळा खर्च.

व्याज वर्षाला २१ लाख म्हणता. सात वर्षं धरून बघा. त्या आकड्यानेही जमत असेल तरच पुढे जा.

———

प्रतिसाद: ॲड. ठाणेकर

थोडक्यात लिहिते, कोर्टात निघाले आहे.

मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि त्यावरचे शेरे नीट वाचा. नागरी जमीन कमाल धारणा कायदा (शहरात किती मोकळी जमीन बाळगता येईल याची मर्यादा घालणारा) महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला असला तरी कलम २० खाली सूट घेतलेल्या जमिनींच्या अटी टिकून राहतात. औद्योगिक जमिनींना अशा सुटी खूप दिल्या गेल्या आहेत. तसा शेरा निघाला तर शासनाला भरायचं अधिमूल्य किमतीतून वजा करून बोला. दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा शोध घ्या, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या. पाचही वारसांच्या सह्या हव्यात. कोणी परदेशात असेल तर तिकडून आलेल्या कुलमुखत्यारपत्रावर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लागला पाहिजे. भाडेकरूंसह मिळकतीचं मूल्यांकन वेगळ्या नियमाने होतं, म्हणून मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय (किती शुल्क बसेल याचा सरकारी निर्णय) आधी करून घ्या. तुमचा २८ लाख ५० हजारांचा आकडा सौद्याच्या रकमेवर आहे, सरकारी मूल्य त्याहून जास्त निघालं तर शुल्क त्यावर बसेल.

भाडेकरूंबद्दल: इमारत विकली गेली म्हणून कोणाचीही पागडी संपत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्यांच्या पाठीशी आहे आणि तुम्ही मालकाच्या जागी येता, एवढंच. पर्यायी जागेचा करार प्रत्येकाशी वेगळा आणि नोंदणीकृत करा, त्यात चटईक्षेत्र, बाहेरच्या काळातलं भाडं आणि मुदत लिहा. मशिनरी हलवण्याचा खर्च आणि तळमजल्याची हमीही लिहा. पॉवर प्रेस दुसऱ्या मजल्यावर चालत नाही.

एक सुचवते. तुम्ही तिघांनीच का घ्यायची? सातही पागडीवाल्यांनी मिळून घेतली तर कर्ज कमी होईल आणि ज्या गोष्टीने तुम्हाला झोप येत नाहीये ती उरणारच नाही. आणि पंधरा दिवसांची मुदत मनावर घेऊ नका. टोकन देऊ नका. द्यायचंच झालं तर आधी लेखी करार करा आणि हक्क स्पष्ट न निघाल्यास रक्कम परत, अशी अट त्यात घाला.

———

धागाकर्ता (नऊ दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काय झालं ते लिहितो.

टेकू त्याच दिवशी लावले, प्रेस पुढच्या बाजूला सरकवलं. प्लेटिंगवाल्याकडे फक्त चार माणसं होती. दोघे इथेच टेंभीपाड्याला राहतात, जाऊन भेटलो. दोघांनीही हिशेब मिळाल्याचं सांगितलं आणि एकाने सहीचा कागद दाखवला. उरलेल्या दोघांचा शोध चालू आहे.

ठाणेकर ताई, तुमची सूचना घेऊन अण्णांकडे गेलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्याकडे बावीस लाख आहेत, आणि पोरीला विचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊनच आले. सातपैकी पाच जण आता तयार आहेत. एक नाही म्हणाला. एकाचा मुलगा नाशिकला असतो, त्याचं उत्तर यायचं आहे. वारसांना सांगून दलालाची मुदत दीड महिन्यावर नेली.

काल डीपी रिमार्क आला. भूखंड औद्योगिक विभागातच आहे, आरक्षण नाही. रस्तारेषा ९.१५ मीटरची आहे, पण ती मुख्य रस्त्यापासून वळणापर्यंतच. आमचं गेट वळणानंतर चाळीस फुटांवर आहे आणि तिथे नकाशावर रेषाच नाही. वास्तुविशारद म्हणतात की पालिका कायद्याच्या कलम २९७ खाली रस्तारेषा पुढे वाढवून ठरवण्यासाठी अर्ज करता येईल, पण समोरच्या गोदामाचीही पट्टी त्यात जाईल, आणि ते गोदामवाले आमच्याशी बोलतसुद्धा नाहीत.

म्हणून आता एकच प्रश्न उरला आहे. असा अर्ज कोणी केला आहे का? समोरच्याची हरकत आली तर पुढे काय होतं? अर्ज खरेदीआधी मालकांच्या नावाने करावा की खरेदीनंतर आमच्या? वारस सही द्यायला तयार आहेत, शुक्रवारी पुन्हा भेट आहे.