मदत हवी आहे: वडील कायमच्या स्टोमाच्या ऑपरेशनला तयार होत नाहीत

येरळाकाठ:

नमस्कार मंडळी,

माझे वडील, वय ६१, खटाव तालुक्यात शेती करतात. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांना गुदाशयाचा (रेक्टमचा) कॅन्सर आहे. शौचावाटे रक्त जायचं, त्यावर बरेच महिने मूळव्याधीचीच औषधं चालली. बोट घालून साधी तपासणी कुणी केली नाही. शेवटी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) आणि बायोप्सी झाली आणि आम्ही मुंबईला टाटात आलो.

गाठ गुदद्वारापासून २ सेंटिमीटरवर आहे. शौच रोखून धरणाऱ्या स्नायूतही ती शिरलीय, असं एमआरआयमध्ये दिसतं. यकृत, फुप्फुसं स्वच्छ आहेत. रेडिएशनचे २८ डोस आणि सोबत केमोच्या, कॅपेसिटाबिनच्या गोळ्या झाल्या. गाठ आकसली, पण गेली नाही. आता एपीआर करायचं ठरलंय. गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढून खालची जागा शिवून टाकतात आणि मोठ्या आतड्याचं टोक पोटावर डाव्या बाजूला बाहेर काढतात. यालाच स्टोमा म्हणतात. शौच तिथून पोटाला लावलेल्या पिशवीत येतं. पिशवी जन्मभराची.

तात्या नको म्हणतात. मरणाला ते भीत नाहीत, हे मी लेक म्हणून खात्रीनं सांगते. ते माळकरी आहेत, आषाढीची वारी पायी करतात, गावच्या सप्ताहात वीणा घेऊन उभे राहतात. त्यांचं एकच म्हणणं: "पोटाला घाणीची पिशवी बांधून मी इणा हातात घ्यायचा व्हय? पंगतीत शेजारी कोण बसंल माझ्या?" यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि डॉक्टरांकडे या प्रश्नाला वेळ नसतो. आई नुसती ऐकून घेते.

ज्यांनी हे घरात पाहिलंय किंवा स्वतः भोगलंय त्यांनी कृपया लिहा. वास येतो का? उन्हातान्हात, घामात पिशवी टिकते का? शेतात काम होतं का? आणि ऑपरेशन टाळून नुसतं लक्ष ठेवायचं, असंही काही असतं असं ऐकलं, ते तात्यांना लागू पडेल का?

सुगरण७०:

ताई, माझ्या सासूबाईंना नऊ वर्षं स्टोमा आहे. पिशवी नीट बसलेली असेल तर शेजारी बसलेल्याला काही कळत नाही. त्या पंगतीत बसतात आणि वाढायलाही उठतात. पहिले दोन महिने मात्र फार जड गेले. त्या आरशात बघायच्या नाहीत. धीर धरा.

जुना_कंडक्टर:

मी स्वतः एपीआर झालेला माणूस आहे. ऑपरेशननंतर एसटीत नोकरी पूर्ण करून निवृत्त झालो, तेव्हा वडिलांना माझ्याकडून सांगा.

स्टोमा म्हणजे आपलंच आतडं. लालसर, ओलसर असतं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. त्याला हात लावला तरी दुखत नाही. पिशवीचा पोटाला चिकटणारा प्लेटचा भाग मी तीन-चार दिवसांनी बदलतो, उन्हाळ्यात घामामुळे जरा लवकर. आंघोळ रोज.

आता वीणेचं. डाव्या बाजूच्या कोलोस्टोमीत (मोठ्या आतड्याच्या स्टोमात) शौच बांधून येतं, त्यामुळे बऱ्याच जणांना इरिगेशन शिकता येतं. सकाळी स्टोमातून साधारण लिटरभर कोमट पाणी आत सोडायचं. तासाभरात पोट साफ होतं आणि पुढे दिवसभर, कधी दोन दिवसही, काही येत नाही. वर छोटी टोपी लावली की झालं. मी असंच देवळात जातो. हे ऑपरेशननंतर लगेच सुरू करायचं नसतं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, नर्सकडूनच शिकायचं.

एक गोष्ट ऑपरेशनच्या आधीच करून घ्या. टाटात स्टोमा क्लिनिक आहे. तिथे स्टोमाची जागा पोटावर खूण करून ठरवतात. त्या वेळी वडिलांना धोतर नेसूनच न्या. बसवून, उभं करून, वाकवून बघायला सांगा. धोतराची गाठ आणि करगोटा जिथे येतो तिथे स्टोमा आला तर रोजचा त्रास. पोत्याचं ओझं मात्र सुरुवातीचे तीन महिने उचलायचं नाही, नंतरही पोटपट्टा बांधून आणि बेतानंच. स्टोमाच्या बाजूनं हर्निया होतो.

निदान_रेषा:

लक्ष ठेवण्याबद्दल लिहितो. या पद्धतीची सुरुवात ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी केली. पण ती कुणासाठी, तर रेडिएशन-केमोनंतर बोटाला, दुर्बिणीत आणि एमआरआयमध्ये गाठ पूर्ण नाहीशी झालेल्यांसाठी. त्यांच्यातही साधारण चौघांपैकी एकाला दोन वर्षांत त्याच जागी गाठ परत येते, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी लागते. तुमच्या वडिलांची गाठ शिल्लक आहे. अशा वेळी थांबणं म्हणजे आज बरा होण्याजोगा आजार हातचा घालवणं. हे मी कठोरपणे लिहितोय, कारण ऑपरेशन लांबवायला हे निमित्त होऊ नये.

बायोप्सीवर एमएमआर तपासणी झाली का, ते नक्की विचारा. पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं गाठीत आहेत का, ते त्यात बघतात. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये ५ ते १० टक्के रुग्णांत ती प्रथिनं नसतात. त्यांच्यासाठी इम्युनोथेरपीचा (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा) मार्ग आहे. २०२२ साली न्यूयॉर्कहून अशा पहिल्या १२ रुग्णांचे निकाल आले, त्या सगळ्यांची गाठ नुसत्या औषधानं नाहीशी झाली होती. रिपोर्ट नॉर्मल असेल तर हा विषय सोडून द्या.

आणि ताई, तुम्ही व तुमच्या भावंडांनी चाळिशीला कोलोनोस्कोपी करून घ्या.

येरळाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. एमएमआरचा रिपोर्ट फाइलमध्येच होता, नॉर्मल आहे. म्हणजे तो मार्ग आमच्यासाठी नाही.

कंडक्टरकाका, तुमचा प्रतिसाद मी तात्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. इरिगेशनचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "ह्या माणसाशी बोलता येईल का?" होकार अजून दिलेला नाही, पण स्टोमा क्लिनिकला यायला तयार झालेत. तुमची हरकत नसेल तर निरोपातून फोन नंबर कळवाल का? ते एकटेच बोलतील, आम्ही कुणी जवळ थांबणार नाही.

अजून एक विचारायचं आहे. खालची शिवलेली जागा भरायला रेडिएशनमुळे वेळ लागतो असं डॉक्टर म्हणाले. तुम्हाला मांडी घालून बसता कधी आलं? आणि मुंबईहून गावी गाडीत बसून जायचं तर किती दिवस थांबावं?