अजिंठा-वेरूळच्या सहलीला कोणती लेन्स? माझं मत ३५ एमएम एफ १.८ ला, पटत नसेल तर बोला

मांजराकाठ (लातूर)
दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण संभाजीनगरला निघतोय. आई, आम्ही दोघं, बहीण आणि तिची दोन पोरं. शनिवारी बीबी का मकबरा, रविवारी वेरूळ आणि परतताना दौलताबाद, सोमवारी अजिंठा, मंगळवारी पैठण करून लातूर. कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा निकॉन आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स आहे (एमएमचा आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं लांबचं जवळ). नव्या लेन्ससाठी १५ हजार बाजूला काढलेत.

ज्याला विचारावं तो म्हणतो टेली घे, लांबचं जवळ येतं. मला ते पटत नाही. आपल्याकडचं बघण्यासारखं बरंचसं डोंगराच्या पोटात आहे. तिथं लांबचं काही नसतं, उजेड नसतो. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि ट्रायपॉड परवानगीशिवाय नेता येत नाही. मग हातात उरते ती लेन्सच.

मागच्या खेपेला अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यात आईचा फोटो काढला होता. चप्पल बाहेर काढून आत गेलो, डोळे सरावायला दोन मिनिटं गेली, मग डाव्या हाताला भिंतीवरच्या चित्रातला बोधिसत्त्व पद्मपाणी दिसायला लागला. झुकलेली मान, बोटांत कमळ. आई त्याच्यासमोर हात जोडून उभी राहिली. मी झूम ३५ वर नेला, तिथं ही लेन्स एफ ४.५ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान, तेवढं लेन्सचं तोंड मोठं). आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) ३२०० करूनही शटर १/५ सेकंदावर आलं. घरी येऊन बघतो तर मागची भिंत बऱ्यापैकी आलेली, आईचे जोडलेले हात मात्र धुरासारखे. तो फोटो मी अजून पुसलेला नाही.

एफ ४.५ च्या मानानं एफ १.८ ला सहापट उजेड आत येतो. म्हणजे त्याच जागी १/३० मिळालं असतं आणि हात हातासारखे आले असते. ५० एमएम स्वस्त पडते हे मला माहीत आहे, पण क्रॉपवर ती ७५ सारखी वागते, म्हणजे दृश्य अरुंद येतं, आणि लेण्यात मागं सरकायला जावं तर पाठ खांबाला लागते. म्हणून ३५. माझं जवळजवळ ठरलंय. चुकत असेल तर आताच सांगा, पैसे अजून खिशात आहेत.

बालाघाटी (बीड)
दादा, दुखणं खरं आहे पण औषध चुकतंय. चार दिवसांतले अंधारातले तास मोजा. अजिंठ्यात चित्रं बघायची ती मुख्यतः १, २, १६ आणि १७ मध्ये. धरा दीड तास. बाकी मकबरा, कैलास, दौलताबादचा चढ, पैठणचा घाट, पोरांची पळापळ, धाब्यावरचं जेवण हे सगळं लख्ख उजेडातलं. दीड तासासाठी १५ हजार घालून उरलेले साडेतीन दिवस तुम्ही त्याच जुन्या १८-५५ वर काढणार. त्यापेक्षा सेकंडहँड १८-१४० बघा. एकच लेन्स, काढघाल नाही.

काढघाल नाही हे मी का म्हणतोय तेही सांगतो. दौलताबादच्या पायथ्याला वारं सुटलेलं असताना मी लेन्स बदलली. उन्हाळ्याचे दिवस, सगळीकडे फुफाटा. वरून काढलेल्या एकूण एक फोटोत आभाळावर तीन काळे ठिपके आले, आणि मला ते कळलं घरी आल्यावर. किल्ल्यावरचं ते आभाळ पुन्हा मिळालं नाही.

गोदाकाठची (नांदेड)
दोघंही वाइडला, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सला विसरलात. कैलासच्या अंगणात उभं राहून बघा. अंगण साधारण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद, आणि मधे अख्खं मंदिर बसलेलं. म्हणजे बाजूला उरते ती बोळ. तिथं ३५ लावली तर हत्तीची सोंड मिळेल, हत्ती मिळणार नाही. १०-२० ची वाइड असली की ध्वजस्तंभ, मंदिर आणि मागचा कापलेला कडा एका चौकटीत येतो. एवढं मंदिर कड्यातून वरून खाली खोदत आणलंय, तो कडाच फोटोत नसेल तर ते कोरलेलं आहे हे बघणाऱ्याला कळणार कसं? माझ्यासाठी सगळा मुद्दा हाच आहे.

खाम (संभाजीनगर)
ताई, कडा दिसला पाहिजे हे शंभर टक्के मान्य. पण त्याला वाइड लागत नाही, पाय लागतात. बाजूच्या डोंगरावर चढून वरच्या काठावरून खाली बघा. शिखर, नंदीमंडप, अंगणातली माणसं, चहूबाजूंनी उभा कातळ, सगळं किट लेन्सच्या १८ वर मावतं. खाली उभं राहून १० वर काढलं की कॅमेरा वर उचलावा लागतो आणि स्तंभ मागं कलतात. दौलताबादच्या चाँद मिनारचे असे शेकडो फोटो मी बघितलेत, मिनार आत्ता पडतो की मग पडतो असं वाटतं.

आणि लेन्सच्याही आधी वेळ बघा. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सूर्य डोंगराच्या मागं असतो, दर्शनी बाजू सावलीत राहते. बहुतेक जण सकाळीच उरकून जातात. दुपारी तीननंतर तेच दगड तांबूस होतात, १० नंबरच्या विश्वकर्मा लेण्यात तर ऊन वरच्या कमानीतून आत शिरायला लागतं. तेव्हा १८-५५ सुद्धा पुरते. म्हणून दौलताबाद सकाळी करा, वेरूळ दुपारी. उन्हाआधी किल्ला चढून झाला तर तुमच्या आईलाही बरं पडेल.

वाघूरवाला (फर्दापूर)
भाऊ, लेन्सचं काय ते ठरंल, आधी वार बदला. सोमवारी अजिंठा बंद राहतो. वेरूळ मंगळवारी बंद. लोक पोराबाळांसहित येतात अन् फाटकावरून माघारी जातात, लई वाईट वाटतं बघून. शनिवारी नायतर रविवारी इकडं या.

दुसरं. गाडी टी-पॉइंटला लावून पुढचे ४ किलोमीटर बसनं जावं लागतं, म्हणून पिशवी हलकी ठेवा. वर गेल्यावर समदे जण १ नंबरात घुसतात, तिथं गर्दीच गर्दी. तुम्ही सरळ पुढं चालत २६ ला जा अन् उलटं येत या. १ नंबरात तुम्ही शेवटी पोचता, तवर पहिली झुंड पांगलेली असती.

आता २६ चं ऐका. निजलेला बुद्ध, महापरिनिर्वाणाचा, ७ मीटर लांब. डाव्या अंगाच्या अरुंद वाटेत हाय अन् पाठीमागं खांब. मी बघत आलोय, ३५ वाला येतो, त्याला तोंड अन् खांदा घावतो. १८ वाल्याला बी सरळ उभं राहून पुरा बुद्ध घावत नाही. पायाकडं जाऊन तिरपं धरायचं, तवा पुरा येतो. खालच्या अंगाला रडणारे शिष्य हायत, ते सोडू नका. म्हणून किट लेन्स घरी ठेवायची नाही, एवढंच माझं म्हणणं.

दुधना (जालना)
मंगळवारी पैठणला जाताय म्हणून विचारतो, तिथल्या नाथसागर धरणावरच्या पक्ष्यांचं काय? ५५-२०० घेतली तर रोहित (फ्लेमिंगो) मिळतील ना?

खाम (संभाजीनगर)
दिवाळीत नाही मिळणार. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं. पाणी ओसरून काठची दलदल उघडी पडली की रोहित जवळ येतात, आणि तो काळ भर थंडीचा आणि त्यानंतरचा. तेव्हाही २०० वर गुलाबी रेघ येते, पक्षी येत नाही. त्याला ४०० च्या पुढचं काहीतरी आणि पहाटेची वेळ लागते. ती सहल वेगळी. घरच्या माणसांना गाडीत बसवून होत नाही.

बालाघाटी (बीड)
टेलीचं निकालात निघालं, छान. आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण दादांच्या हिशेबात एक गोष्ट सुटलीय. ३५ एमएम, एफ १.८, आई दोन मीटरवर. किती खोलीपर्यंत स्पष्ट येईल? जेमतेम वीतभर. म्हणजे आईचे हात नीट येतील आणि मागचा पद्मपाणी धुक्यात जाईल. मागच्या वेळी भिंत आली आणि आई गेली, आता आई येईल आणि भिंत जाईल. भिंतीचंच हवं असेल तर ती हलत नाही, लेन्समधलं व्हीआर (हाताचा थरथराट सावरणारी सोय) चालू ठेवून श्वास रोखला तर १/५ ला सुद्धा ती चांगली येते, हे तुमच्याच फोटोनं दाखवलंय. मग नवीन लेन्सनं कमावलं काय?

मांजराकाठ (लातूर)
वार सांगितल्याबद्दल वाघूरवाल्या भाऊंचे मनापासून आभार, सगळी मंडळी फाटकावर उभी राहिली असती. आता रविवारी अजिंठा. सोमवारी सकाळी दौलताबाद, दुपारी वेरूळ. खाम यांचं ऐकून.

बालाघाटी, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. काल रात्री मित्राची ३५ आणून घरीच बघितलं. झिरोचा एकच बल्ब लावला, आईला देवघरासमोर उभं केलं, मागं दीड मीटरवर भिंतीवरचा विठ्ठलाचा फोटो. एफ १.८ ला विठ्ठल ओळखू येत होता पण कडा विरघळलेल्या. एफ २.८ ला मुकुट कळायला लागला, आणि शटर टिकवायला आयएसओ ६४०० करावं लागलं. फोटोत दाणे आले. पण आईच्या हातावरच्या शिरा दिसत होत्या, मनगटातली हिरवी काकणं मोजता येत होती.

म्हणून उत्तर देतो. पद्मपाणीचे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले फोटो पुस्तकांत आहेत. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माझ्या आईचा एकही नाही. तिचं वय आता ७१ आहे, अजिंठ्याच्या पायऱ्या ती पुन्हा किती वेळा चढणार? पद्मपाणी थोडा मऊ आला तरी तो पद्मपाणी आहे हे कळतं. हात हलले तर काही उरत नाही. दीड तासासाठी १५ हजार, हे तुमचं गणित बरोबर आहे, पण मी निघालोय त्याच दीड तासासाठी.

गोदाकाठची (नांदेड)
आईचं पटलं. कैलासचं मात्र मी सोडत नाही. वरून मंदिर दिसतं, पण आपण किती लहान आहोत ते खालूनच कळतं. निदान खाली अंगणात किट १८ वर लावून भाच्यांना हत्तीच्या पायाशी उभं करा, कॅमेरा कमरेपाशी धरून आडवा सरळ ठेवा म्हणजे खांब कलणार नाहीत. वरचा भाग कापला गेला तरी चालेल.

बालाघाटी (बीड)
माझं मत १८-१४० लाच आहे. पण तुम्ही ३५ नेणारच असाल तर दोन गोष्टी करा. लेन्स गाडीत, काचा वर करून बदला, बाहेर नाही. आणि एसीतून उतरल्या उतरल्या झाकण काढू नका, पाच-दहा मिनिटं पिशवीतच राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते. दौलताबादला पायथ्यालाच ठरवा वर कोणती न्यायची ते. मी किट नेली असती.

वाघूरवाला (फर्दापूर)
रविवारी या मग. सकाळी फाटक उघडायच्या टायमाला पोचा. अन् माय सोबत हाय तर पायऱ्यांपाशी डोलीवाले राहतात, चढायच्या आधीच भाव ठरवून घ्या.