मदत हवी आहे: नवऱ्याचं उत्पन्न रोखीतलं असेल तर मुलांच्या पोटगीची रक्कम कोर्ट कशी ठरवतं?

नमस्कार. मी सांगलीत आईकडे राहते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, दोघं माझ्याजवळ आहेत. नवऱ्याचे कराडच्या बाजूला खडी वाहतुकीचे दोन टिपर आहेत, व्यवहार जवळपास सगळा रोखीचा. घर सोडून वर्ष उलटलं, मुलांसाठी एक रुपया आलेला नाही. मी खासगी दवाखान्यात नर्स आहे, हातात २१,००० येतात.

बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १४४ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) माझ्यासाठी आणि मुलांसाठी अर्ज केलाय, अंतरिम पोटगीचा अर्जही सोबत आहे. समोरच्यांनी उत्तरात आयकर विवरणपत्र जोडलं, त्यात वर्षाचं उत्पन्न ३ लाख ४० हजार. त्या हिशोबाने एका मुलामागे ३,००० द्यायची तयारी दाखवली आहे आणि वर "अर्जदार स्वतः कमावती आहे" हे आहेच.

मुलीला दमा आहे. थंडी सुरू झाली की इनहेलर आणि डॉक्टरांच्या फेऱ्या वाढतात. तिची फी वर्षाला ३२,०००, व्हॅनचे महिना १,१०० वेगळे. खाणंपिणं, कपडे, औषधं, धाकट्याची बालवाडी धरून दोघांचे महिन्याला सतरा हजारांच्या आसपास जातात.

नात्यातले सांगतात की पगाराच्या पंचवीस टक्के मिळतातच. असा काही नियम आहे का? कागदावरचं उत्पन्नच खरं धरतात का? आणि मला पगार आहे म्हणून मुलांचं कमी होतं का? वकिलांना विचारलं तर "कोर्ट बघून घेईल" एवढंच म्हणतात. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

रानवाटा:

ताई, मी सातारा-सांगली भागात वकिली करते. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा सर्वसाधारण सांगते.

मुलांसाठी ठरलेला टक्का कुठल्याच कायद्यात नाही. पंचवीस टक्क्यांची गोष्ट सुप्रीम कोर्टाच्या पत्नीच्या पोटगीबद्दलच्या निकालांतून आली आहे, तीही अंदाज म्हणून. मुलांच्या बाबतीत कोर्ट दोन गोष्टी समोरासमोर ठेवतं: मुलांना खरोखर लागतं किती, आणि बापाची द्यायची ऐपत किती. वेगळं झाल्यामुळे मुलांचं राहणीमान एकदम खाली येऊ नये, हेही पाहिलं जातं.

तुमच्या कामाचा निकाल म्हणजे रजनेश विरुद्ध नेहा, सुप्रीम कोर्ट, नोव्हेंबर २०२०. प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. तिथे मुलाला आधी महिना ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० ठरले होते, म्हणजे मूल मोठं होतं तसा खर्च वाढतो हे आदेशातच धरलं होतं. या निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. त्यात उत्पन्न, गाड्या, जमीन, कर्ज, बँक खाती, मुलांचा खर्च, सगळं शपथेवर लिहावं लागतं. नवऱ्याने ते दिलंय का हे आधी बघा. नुसतं विवरणपत्र पुरेसं नाही.

आता रोखीचं. टिपर कर्जावर असतील ना? मग हप्ता किती ते शोधा. महिन्याला अठ्ठावीस हजार कमावणारा माणूस पंचवीस-तीस हजारांचा हप्ता भरत असेल, तर बाकी घर कशावर चालतं, हा प्रश्न उलटतपासात विचारता येतो. कर्ज घेताना बँकेला दाखवलेलं उत्पन्न आणि आयकराला दाखवलेलं उत्पन्न बरेचदा जुळत नाही. ती कर्जाची फाईल मागवायला कोर्टात अर्ज करा. शेती असेल तर सातबारा महाभूलेखवर दिसतो. समोरचा खरं उत्पन्न लपवतोय असं दिसलं की कोर्ट उपलब्ध पुराव्यावरून अंदाजाने उत्पन्न धरतं. आणि शपथेवर खोटं लिहिणं महागात पडू शकतं, हे त्यांच्या वकिलांनाही माहीत असतं.

तुमच्या पगाराबद्दल: आई कमावते म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. पद्मजा शर्मा प्रकरणात सन २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघंही कमावते असताना मुलांचा खर्च दोघांत २:१ असा वाटला, बापाचा वाटा मोठा. तुमच्याकडे त्याची खरी कमाई समजा ७५,००० सिद्ध झाली, तर २१ आणि ७५ या प्रमाणात सतरा हजारांतले तेराएक हजार त्याच्याकडे जातात. कोर्ट इतकं काटेकोर गणित मांडेलच असं नाही, पण युक्तिवादाला आधार मिळतो. शिवाय रात्री दम्याचा त्रास झाला की उठणारं माणूस तुम्ही आहात. मूल सांभाळण्याचे हे कष्ट पैशाबाहेरचं योगदान आहे, हे वकिलांना आवर्जून मांडायला सांगा.

आंबोलीचा_पाऊस:

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे पोटगी देणारा बाप. आमच्याकडे न्यायाधीशांनी सगळ्यात जास्त वेळ मुलाच्या खर्चाच्या तक्त्यावर घालवला. बायकोने फीच्या पावत्या, व्हॅनवाल्याची चिठ्ठी, दवाखान्याची बिलं महिन्यावार लावून दिली होती, त्यामुळे मला नाही म्हणायला जागाच राहिली नाही आणि खरं तर म्हणायचंही नव्हतं. वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे फी, गणवेश, पुस्तकं, बारा महिन्यांत वाटून लिहा. शाळेची फी मी थेट शाळेत भरावी आणि बाकी रक्कम खात्यात, असं आदेशात आलं. त्यामुळे दर जूनची भांडणं थांबली. तुम्हीही अशी मागणी करून बघा.

मूळ धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. प्रतिज्ञापत्र त्यांनी दिलेलंच नाही, आज वकिलांना विचारून खात्री केली. एका टिपरचं कर्ज सुरू आहे हे मला माहीत आहे, बँकही माहीत आहे.

आणखी एक. काल सासरकडून निरोप आला की चार लाख एकरकमी घे, मुलांचं पुन्हा काही मागणार नाही असं लिहून दे. आई म्हणते घेऊन मोकळी हो. मला रात्री झोप लागली नाही.

रानवाटा:

ताई, घाईने सही करू नका. सतरा हजार महिना धरला तर चार लाख दोन वर्षंही पुरत नाहीत, आणि धाकटा सज्ञान व्हायला चौदा वर्षं आहेत. पोटगीचा हक्क मुलांचा स्वतःचा आहे. तुम्ही लिहून दिलंत म्हणून तो संपत नाही, पण असा कागद समोर आला की तुमचं प्रकरण विनाकारण लांबतं. तडजोड करायचीच असेल तर ती कोर्टासमोर, मुलांची रक्कम वेगळी लिहून, दरवर्षीच्या वाढीसकट करा.

रजनेश निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, त्यामुळे तारखा पडल्या तरी मधले महिने बुडत नाहीत. आदेशानंतर थकबाकी राहिली तर वसुलीचा अर्ज एक वर्षाच्या आत करा, कलम १४४ मध्ये ती मुदत आहे. पुढे फी वाढली, औषधं वाढली तर कलम १४६ खाली रक्कम वाढवून मागता येते.

वकील दाद देत नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना अर्जाची प्रत, समोरच्यांचं उत्तर आणि मुलीच्या दम्याची फाईल घेऊन जा. प्रतिज्ञापत्र द्यायला लावण्याचा अर्ज पुढच्या तारखेआधी दाखल झाला पाहिजे, आधी तेवढं करा.